नग की रास : एकेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी नामे शिकताना

१२ जून २०२३ रोजी, सोमवारी दुपारी, औषधाच्या काचेच्या बाटल्यांचा एक ट्रक आमच्या स्टोअरच्या दारात लागला. उतरवून घेताना चौदा खोक्यांच्या तळातून फुटलेल्या काचेचा आवाज आला. मी गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका औषध कारखान्यात स्टोअर सांभाळते. माल आला की तो मोजायचा, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायची आणि तूटफूट असेल तर पुरवठादाराला ईमेल लिहायचा, हे माझे सोळा वर्षांचे काम. त्या दिवशीही मी ईमेल लिहिला आणि त्यात चौदा खोक्यांचे ‘डॅमेजेस’ आम्हांला मिळाले आहेत, असे इंग्रजीत कळवले. नुकसान एका खोक्याचे असते तर ‘डॅमेज’, चौदांचे म्हणून ‘डॅमेजेस’, इतका सरळ माझा हिशेब होता.

चार दिवसांनी उत्तर आले. आम्ही आपल्याला कोणतीही नुकसानभरपाई दिलेली नाही, तरी आपण कोणत्या रकमेबद्दल लिहीत आहात ते कळवावे, असे त्यात नम्रपणे विचारले होते. त्या ईमेलची प्रत लेखा विभागालाही गेली होती, त्यामुळे ही रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, अशी विचारणा करायला तिथला माणूस स्टोअरमध्ये आला. इंग्रजीत ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, त्याचे अनेकवचन होत नाही, आणि ‘डॅमेजेस’ हा कायद्यातला वेगळा शब्द असून त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा होतो, हे मला त्या दिवशी आमच्या व्यवस्थापकांनी सांगितले. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. या पत्रापत्रीत बदली माल यायला अकरा दिवस जास्त लागले.

माझे प्राथमिक शिक्षण साखळी शहराजवळच्या मराठी शाळेत झाले आणि गोव्यातल्या माझ्या पिढीच्या अनेक मुलांप्रमाणे पाचवीत गेल्यावर गणितापासून भूगोलापर्यंत सगळे विषय एकाएकी इंग्रजीत सुरू झाले. नामाचे प्रकार तेव्हा पाठ केले होते : प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲब्स्ट्रॅक्ट. ही पाच नावे मी झोपेतही म्हणू शकत होते. मराठीच्या तासाला विशेषनाम, सामान्यनाम आणि भाववाचकनाम असे तीनच प्रकार असत, मग इंग्रजीत पाच का, असा प्रश्न मला पडला नाही आणि कोणी पाडलाही नाही. राम हे विशेषनाम, मुलगा हे सामान्यनाम, सोने हे पदार्थवाचक, कळप हे समूहवाचक, प्रामाणिकपणा हे भाववाचक, असे तक्ते भरून मी पूर्ण गुण मिळवत असे. त्या तक्त्याचा वाक्य लिहिण्याशी काही संबंध असतो, हे कळायला फुटलेल्या बाटल्यांचा ट्रक यावा लागला.

१९ जून रोजी कारखान्याच्या सूचनाफलकावर सहायक अधिकारी पदासाठी अंतर्गत लेखी परीक्षेची नोटीस लागली. पदवी, किमान दहा वर्षे सेवा आणि विभागप्रमुखांची शिफारस एवढ्या अटी होत्या. शंभर गुणांच्या परीक्षेत साठ गुण इंग्रजी पत्रलेखन आणि व्याकरणाला होते व उत्तीर्ण होण्यासाठी पन्नास गुण आवश्यक होते. परीक्षेची तारीख २६ नोव्हेंबर. याआधी दोन वेळा ही नोटीस मी वाचून सोडून दिली होती. या वेळी अर्ज आणला, तो मुख्यतः त्या ईमेलची खंत होती म्हणून.

अर्जाला दहावीची, बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका, सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत आणि दोन फोटो जोडायचे होते. मी एकच फोटो लावला होता म्हणून अर्ज एकदा परत आला, आणि विभागप्रमुख रजेवर होते म्हणून सहीसाठी सहा दिवस गेले. झेरॉक्स आणि फोटो मिळून एकशे चाळीस रुपये खर्च झाले. सगळ्या प्रतींचा एक जादा संच सुरुवातीलाच काढून ठेवावा, कारण असा अर्ज एकदा तरी परत येतोच. त्या अर्जाच्या शेवटच्या रकान्यावर इंग्रजीत ‘इतर इन्फॉर्मेशन्स’ असे छापलेले होते. तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नाही. ऑगस्टमध्ये दिसले आणि मी एकटीच हसले.

शिकवणीचा शोध घेताना पहिली अडचण लाजेची होती. डिचोलीतल्या एका शिकवणीत चौकशी केली, तर मुलीचे नाव आणि इयत्ता विचारण्यात आली. मी स्वतःसाठी आले आहे असे सांगितल्यावर, मोठ्यांची बॅच नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने निवृत्त हायस्कूल शिक्षिकेचे घर दाखवले. त्यांना सगळे टीचर म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, चार महिन्यांचे चार हजार रुपये, निम्मे आधी आणि निम्मे चतुर्थीनंतर, असे ठरले. २ जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही पाचजण होतो. परदेशी नोकरीसाठी परीक्षा देणारी एक नर्स, दोन तरुण, एक बँकेतले गृहस्थ आणि मी. साखळीहून सकाळची कदंब, म्हणजे सरकारी, बस मिळाली तर वेळेवर पोहोचता येई. पावसात ती चुकली की मी अर्ध्या तासाने ओल्या साडीत वर्गात जाऊन बसत असे.

पहिल्याच दिवशी टीचरनी पाच प्रकार विचारले आणि मी एका दमात सांगितले. मग त्यांनी विचारले की ‘इक्विपमेंट’ हे यांपैकी काय आहे. मी कॉमन म्हटले. नर्सने कलेक्टिव्ह म्हटले. बँकेतले गृहस्थ मटेरियलवर ठाम होते. टीचर म्हणाल्या की तिघांच्याही बाजूने काहीतरी बोलता येईल, पण तिघांपैकी कोणालाही आता ‘इक्विपमेंट्स’ लिहावे की नाही ते सांगता येणार नाही, आणि लिहिताना तर नेमके तेच लागते. पाच प्रकारांचा तक्ता ही एक वाटणी आहे. तिच्याशेजारी गणनीय आणि अगणनीय ही दुसरी वाटणी असते आणि ती पहिलीला आडवी छेदून जाते. वाक्यात ‘अ’ लागेल की नाही, अनेकवचन होईल की नाही, ‘मेनी’ येईल की ‘मच’, क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, हे सगळे ही दुसरी वाटणी ठरवते.

इथे मी अडकले, आणि तीन रविवार अडकून राहिले. अगणनीय म्हणजे जे मोजता येत नाही, असे आमच्या जुन्या वहीत लिहिले होते. पण मी स्टोअर सांभाळणारी बाई. माझ्या जगात मोजता येत नाही असे काहीच नाही. स्पिरिट लिटरने मोजते, साखर किलोने मोजते, वायर मीटरने मोजते आणि पगाराच्या दिवशी पैसेही मोजते. मग ‘मनी’ हा शब्द अगणनीय कसा? टीचरना मी हे जरा चिडूनच विचारले. त्यांनी थोडा विचार करून जे सांगितले, ते मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडले नव्हते. मराठीत ‘मोजणे’ हे एकच क्रियापद दोन कामे करते. आपण आंबेही मोजतो आणि जमीनही मोजतो. आंबे मोजताना एक, दोन, तीन असे म्हणतो आणि जमीन मोजताना तिच्यावर साखळी टाकतो. इंग्रजीला गणनीय म्हणताना फक्त पहिले मोजणे अभिप्रेत आहे. म्हणून मोजता येते का, असे मनाशी विचारायचे नाही. त्या शब्दाच्या लगेच आधी ‘वन’ किंवा ‘टू’ ठेवून बघायचे. वन रुपी चालते, वन मनी चालत नाही.

त्या रात्री मी घरी बसून स्टॉक रजिस्टरचे रकाने आठवले. वस्तूचे नाव, संकेतांक, आवक, जावक, शिल्लक आणि एकक. एककाच्या रकान्यात आम्ही नग, किलो, लिटर किंवा मीटर लिहितो. बाटली, बूच, खोके, हातमोजा ही नगाची नामे. साखर, स्पिरिट, कापूस, पाणी ही राशीची नामे. सोळा वर्षे मी हाताने हीच वाटणी करत होते आणि तिला इंग्रजीत काही नाव असेल, अशी मला कल्पना नव्हती. वहीच्या नव्या पानावर दोन उभे रकाने आखून एकावर ‘नग’ आणि दुसऱ्यावर ‘रास’ असे लिहिले, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक नवा शब्द त्यांपैकी एका रकान्यात घातला.

पुढच्या रविवारी टीचरनी सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला पाव वर्गात आणला. पदेराला आपण पाच पाव किंवा चार उंडे (गोल पाव) असे सांगतो, त्यामुळे ‘फाइव्ह ब्रेड्स’ असे आम्हां पाचही जणांच्या तोंडून आले होते. त्यांनी पाव हातात धरून मधोमध फाडला. एक तुकडा बँकेतल्या गृहस्थांच्या हातात दिला आणि हे काय आहे, असे विचारले. ब्रेड, ते म्हणाले. दुसरा तुकडा माझ्या हातात आला आणि तोही ब्रेडच होता. मग त्यांनी ज्यावर बसल्या होत्या ती खुर्ची दाखवली आणि हिचे दोन तुकडे केले तर दोन खुर्च्या होतील का, असे विचारले. तुकडा केल्यावरही ज्याचे नाव तेच राहते ती रास, आणि तुकडा केल्यावर जे मोडते तो नग. इंग्रजीत ‘ब्रेड’ हे त्या मऊ पदार्थाचे नाव आहे, पदेराच्या टोपलीतल्या आकाराचे नाही. आकार हवा असेल तर लोफ, रोल किंवा स्लाइस म्हणावे लागते. तो पाव आम्ही नंतर चहात बुडवून खाल्ला.

मासळीचे उदाहरण आम्हांला त्याहून लवकर पटले. टोपलीतले तीन बांगडे हे ‘थ्री फिश’, आणि त्यांतल्या एकाचे तुकडे हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, पडले की तिथे ‘फिश’ आहे, ‘अ फिश’ नाही. ‘अ चिकन’ अंगणात फिरते आणि नुसते ‘चिकन’ ताटात असते. म्हणजे नाम जन्मतः एका प्रकारचे असते असे नाही. ते कोणत्या अर्थाने वापरले आहे त्यावर त्याचा रकाना ठरतो. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री. ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, आणि ‘पेपर्स’ म्हणजे कागदपत्रे. माझा ‘डॅमेजेस’ याच कुटुंबातला निघाला.

तरीही फर्निचर, लगेज, स्टेशनरी, मशिनरी आणि खुद्द इक्विपमेंट यांचा उलगडा होईना. टेबल आणि खुर्च्या तर रजिस्टरात नगाने चढतात आणि फर्निचरचा तुकडा केला तर तो मोडतोच. ३० जुलैच्या रविवारी मी रजिस्टरच्या एका पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन गेले आणि टीचरना दाखवला. त्यांनी पानाच्या माथ्यावर बोट ठेवले. तिथे ठळक अक्षरांत ‘स्टेशनरी’ असे शीर्षक होते आणि खाली पेन, फाइल, पंच, स्टेपलर अशा नोंदी होत्या. नोंदी मोजायच्या असतात, शीर्षक मोजायचे नसते, एवढेच त्या म्हणाल्या. माझ्यासाठी या सगळ्या महिन्यांतला तो सर्वांत मोठा क्षण होता. चेअर ही नोंद, फर्निचर हे शीर्षक. बॅग ही नोंद, लगेज हे शीर्षक. मशीन ही नोंद, मशिनरी हे शीर्षक. रुपया ही नोंद आणि मनी हे शीर्षक. याच चालीने फॅक्ट ही नोंद होते आणि इन्फॉर्मेशन हे शीर्षक, जॉब ही नोंद आणि वर्क हे शीर्षक. आपण मराठीत बातम्या आणि सल्ले बिनदिक्कत अनेकवचनात वापरतो. इंग्रजीत न्यूज आणि ॲडव्हाइस ही शीर्षके असल्यामुळे ‘अ पीस ऑफ’ लावून त्यांची नोंद करावी लागते. न्यूजच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर दिसते म्हणून क्रियापद अनेकवचनी लावण्याची चूक मी तरीही आणखी दोनदा केली.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ‘व्हेजिटेबल’ हे शीर्षकासारखे दिसते आणि तरी त्याचे अनेकवचन होते. ‘व्हेइकल’चेही होते, पण ‘ट्रॅफिक’चे होत नाही. अशा ठिकाणी तर्क लढवत बसण्यापेक्षा शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात बहुतेक नामांपुढे सी किंवा यू असे अक्षर असते. सी म्हणजे गणनीय, यू म्हणजे अगणनीय, आणि एकाच शब्दाखाली दोन अर्थांना दोन अक्षरे असू शकतात. इंग्रजी-मराठी शब्दकोशात ही खूण बहुधा नसते, म्हणून माझ्याकडच्या जुन्या कोशाचा या कामी उपयोग झाला नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला वापरलेला कोश दोनशे वीस रुपयांत मिळाला. मुखपृष्ठ सुटलेले आहे, पण खुणा शाबूत आहेत.

ऑगस्टमध्ये आणखी एक नियम मिळाला, ज्याने माझे लिहिणे सर्वांत जास्त सुधारले. गणनीय नाम एकवचनात असेल तर ते उघडे राहू शकत नाही. त्याच्या अंगावर ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असे काहीतरी असावेच लागते. मराठीत ‘मी रजिस्टरवर सही केली’ हे वाक्य पूर्ण आहे, म्हणून मीही इंग्रजीत रजिस्टर आणि सही दोघांनाही उघडे पाठवत होते. राशीचे नाम मात्र एकटे जाऊ शकते. पाठवण्यापूर्वी ईमेलमधल्या प्रत्येक नामावर पेन्सिलीने टिंब देऊन त्याच्या आधी काय आहे ते पाहण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. पहिल्या ईमेलला पस्तीस मिनिटे लागली. दोन महिन्यांनी तेच काम सहा मिनिटांत होऊ लागले.

१९ सप्टेंबरला चतुर्थी होती. त्याआधीचा आणि नंतरचा रविवार शिकवणी नव्हती आणि मीही वही उघडली नाही. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना नारळ, सुपारीची शिंपुटे, केळीचे घड, निरफणस असे एकेक वर चढवत असताना मनात नग आणि रास सुरू झाले, तेव्हा मात्र मी स्वतःवरच वैतागले. त्याच सुमारास खूप निराशाही आली होती. टीचरनी सराव म्हणून दिलेल्या चाळीस वाक्यांपैकी माझी सतरा चुकली होती आणि शाळकरी मुलांना जे येते ते आपल्याला येत नाही, असे वाटून मी फोनवर रडवेली झाले. त्या म्हणाल्या की थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. त्याला तो, ती, ते ही तीन लिंगे पाठ करताना काय वाटले असेल याची कल्पना कर. इंग्रज माणसाला ‘वही ती आणि पुस्तक ते’ याचे कारण कोणी देऊ शकत नाही. आपली भाषा नामाला लिंग विचारते, त्याची भाषा नामाला नग की रास ते विचारते. दोघांनाही परक्याचा प्रश्न अन्यायाचा वाटतो. मला धीर आला, हे खरे. सतराची संख्या पुढच्या वेळी अकरा झाली.

उरलेले प्रकार तुलनेने लवकर आटोपले. विशेषनामांचा त्रास एवढाच होता की देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे हाताला ती सवयच नाही. वार आणि महिने ही इंग्रजीत विशेषनामे आहेत व त्यांचे पहिले अक्षर मोठे असते, ऋतूंचे मात्र नसते, हे मला ठाऊक नव्हते. गोवा आणि पणजी यांच्याआधी ‘द’ लागत नाही, पण मांडवी नदीच्या आधी लागतो. नाहीतर मांडवी नावाची मुलगी वाहत जाईल, हा टीचरांचा विनोद. समूहवाचकांमध्ये ‘स्टाफ’ने माझी बरीच वर्षे फसवणूक केली होती. दोन माणसे रजेवर असली की मी ‘टू स्टाफ्स’ लिहीत असे. स्टाफ म्हणजे सगळा कर्मचारीवर्ग, म्हणून ‘टू मेंबर्स ऑफ स्टाफ’. ‘पोलीस’ला नेहमी अनेकवचनी क्रियापद लागते. ‘कमिटी’ला एकवचनी चालते आणि ब्रिटिश वळणात अनेकवचनीही चालते. भाववाचक नामे सगळी अगणनीय असतात, असा माझा समज होता, तोही गेला. ऑनेस्टी अगणनीय आहे, पण आयडिया भाववाचक असूनही खुशाल अनेकवचनी होते. ‘एक्स्पीरियन्स’ तर दोन्हीकडे बसतो. सोळा वर्षांचा माझा कामाचा अनुभव ही रास आहे आणि त्या ट्रकचा अनुभव हा नग आहे.

परीक्षेला अठरा दिवस उरले असताना, ८ नोव्हेंबरला, ती पुढे ढकलल्याची नोटीस लागली. कारण प्रशासकीय. नवी तारीख नव्हती. दिवाळी गेली, नरकासुराच्या पुतळ्यांच्या वासलेल्या तोंडांचे कागद रस्त्याच्या कडेला भिजून पडले, आणि तारीख काही येईना. शिकवणीचे चार महिने संपले होते. टीचरनी पुढच्या रविवारांचे पैसे घेतले नाहीत, पण बॅच मोडली आणि मी एकटीच जात राहिले. अशा रिकाम्या काळात नवे काही शिकू नये, जुन्या चुका पुन्हा सोडवाव्यात, असे माझे मत झाले आहे. मी नव्याने वाचायला घेतलेले सगळे विसरले आणि दुसऱ्यांदा सोडवलेले सगळे लक्षात राहिले. १९ डिसेंबरची गोवा मुक्तिदिनाची सुट्टी संपवून कामावर गेले, तर फलकावर १४ जानेवारी २०२४ ही तारीख होती.

परीक्षा रविवारी सकाळी दहाला कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. ओळखपत्राची मूळ प्रत हवी होती. एकाने मोबाइलमधला फोटो दाखवला आणि त्याला पंचवीस मिनिटे फाटकावर थांबावे लागले. अधोरेखित नामाचा प्रकार ओळखा, असा पाच गुणांचा प्रश्न आला, म्हणजे पाठ केलेला तक्ता अगदीच वाया गेला नाही. वाक्यशुद्धीत ग्राहकाच्या एका तक्रारीचे वाक्य होते : बाटलीत ‘हेअर’ आढळला. मराठीत केस पिकले, केस गळले असे आपण अनेकवचनात बोलतो, आणि इंग्रजीत डोक्यावरचे केस मिळून ‘हेअर’ ही रास होते. पण बाटलीत सापडतो तो एकच केस, तेव्हा ‘अ हेअर’ हवे. ‘अ’ वगळला तर बाटलीत केसांचा पुंजका होता असे वाचणाऱ्याला वाटेल, आणि औषधाच्या कारखान्यात त्या दोन वाक्यांच्या चौकशा वेगवेगळ्या होतात. मी ‘अ’ लिहिला आणि पेन खाली ठेवून दोन मिनिटे नुसती बसले. पत्रलेखनात तुटलेल्या मालाबद्दल पुरवठादाराला पत्र लिहायचे होते. याला योगायोग म्हणावे की व्यवस्थापकांची थट्टा, ते मी विचारलेले नाही.

निकाल ९ फेब्रुवारीला लागला. मला अठ्ठावन्न गुण मिळाले. एकवीस जणांपैकी सातजण उत्तीर्ण झाले आणि त्यांत माझा क्रमांक पाचवा आहे. जागा तीन आहेत, त्यामुळे ज्येष्ठता यादी आणि मुलाखत होईपर्यंत मी अजून स्टोअरमध्येच आहे. एकूण खर्च शिकवणीचे चार हजार, कोश दोनशे वीस, अर्जाचे एकशे चाळीस, वह्या-पेन्सिलींचे साधारण दोनशे आणि बसभाडे, ज्याचा हिशेब मी ठेवला नाही.

उत्तरपत्रिका पाहण्यासाठी निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नसते. ही सोय फारसे कोणी वापरत नाही, पण जरूर वापरावी. मला ती २१ फेब्रुवारीला दाखवण्यात आली. ‘फॅमिली’ला मी एका वाक्यात एकवचनी आणि पुढच्याच वाक्यात अनेकवचनी क्रियापद लावले होते, तिथले दोन गुण योग्यच गेले. ‘फ्रूट्स’ लिहिल्याबद्दल मात्र एक गुण कापला होता. फ्रूट हे बहुधा राशीसारखे वापरतात हे मला मान्य आहे, पण माझे वाक्य फळांच्या निरनिराळ्या जातींबद्दल होते आणि त्या अर्थाने अनेकवचन चालते, असे माझ्या मुखपृष्ठ नसलेल्या कोशात सी आणि यू अशा दोन्ही खुणांसह दिलेले आहे. त्या पानाची झेरॉक्स जोडून मी फेरविचाराचा अर्ज केला. १ मार्चला कर्मचारी विभागाचे दोन ओळींचे उत्तर आले : गुणांत बदल संभवत नाही, तथापि आपण पुरवलेल्या ‘इन्फॉर्मेशन्स’ची नोंद घेण्यात आली आहे.